भेडाघाटचे कडे कापू नका

जबलपूरच्या ग्वारीघाटला नर्मदा ऐसपैस पसरलेली आहे. घाटाच्या पायऱ्या, मधल्या नावा, पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा हे सगळं पाहायचं तर नजर आडवी फिरवावी लागते. हीच नदी तिलवाराघाट आणि लम्हेटाघाट मागे टाकून भेडाघाटला संगमरवराच्या खिंडीत शिरते, तेव्हा मान वर करावी लागते. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर फुटांचे कडे, खाली चिंचोळं पाणी आणि वर आभाळाची एक पट्टी. राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० च्या चित्रपटातलं पद्मिनीवर चित्रित झालेलं आणि लता मंगेशकरांनी गायलेलं वसंतवाऱ्याचं गाणं याच कड्यांवरचं. जबलपूरशी राज कपूर यांचं नातं सोयरिकीचंही होतं. इथे वाढलेले आणि इथली एम्पायर टॉकीज चालवणारे प्रेमनाथ हे त्यांचे मेहुणे. चित्रपटाचे दिग्दर्शक राधू कर्मकार हे 'आवारा'पासून राज कपूर यांचे छायालेखक. ज्याचं आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलं, तो माणूस अशा जागी चौकट लावतो तेव्हा कडा किती घ्यायचा, पाणी किती आणि आभाळ किती, याचा हिशेब त्याने केलेला असतो. हे गाणं आज घरच्या टीव्हीवर पडदाभर ताणून किंवा कापून पाहिलं, तर तो हिशेबच मोडतो.

त्या काळातल्या बहुतेक चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असे. उंची एक धरली तर रुंदी १.३७. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेची जागा ध्वनिपट्टीने घेतली, चित्राचा आकार बिघडला, म्हणून १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने हे प्रमाण ठरवलं आणि ते जगभर रुळलं. आपल्या घरातला टीव्ही मात्र १६:९, म्हणजे १.७८ रुंदीचा. जुनं चित्र त्यावर काठोकाठ भरायचे दोनच मार्ग आहेत. एक, चित्र आडवं ताणायचं. मग प्रत्येक माणूस तीस टक्क्यांनी रुंद होतो, चेहरे चपटे पडतात आणि बैलगाडीचं चाक लंबगोल फिरतं. हे निदान डोळ्यांना खटकतं तरी. दुसरा मार्ग अधिक घातक, कारण त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. चित्र मोठं करून वरचा आणि खालचा भाग कापून टाकायचा. माणसं सडपातळच राहतात, चाक गोल राहतं, फक्त चौकटीतला २३ टक्के भाग, म्हणजे जवळपास पाव चित्र, नाहीसा होतो. भेडाघाटच्या दृश्यात हा पाव हिस्सा म्हणजे कड्याचा माथा किंवा पायथ्याचं पाणी. उंची दाखवण्यासाठीच निवडलेल्या जागेची उंचीच काढून घेतली, तर मागे उरतात नुसते पांढरे दगड.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. एवढा मोठा टीव्ही घेतला तो दोन्ही बाजूंना काळे पट्टे पाहण्यासाठी का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यामागे पैसे मोजलेल्या माणसाचा रास्त हिशेब आहे. पण हिशेब पुरता करायला हवा. १६:९ हे प्रमाण कुठल्याही जुन्या चित्रपटाचं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी एका बाजूला जुनी ४:३ चौकट आणि दुसऱ्या बाजूला सिनेमास्कोपची रुंद पट्टी ठेवून दोन्ही सामावून घेणारा मधला आकार सुचवला. जुना चित्रपट असेल तर बाजूंना पट्टे आणि सिनेमास्कोप असेल तर वर-खाली पट्टे, हे त्या आकारात पहिल्यापासून गृहीतच आहे. शिवाय जुन्या चित्रपटाची उंची तर पूर्ण पडदाभर मिळते. ४३ इंची टीव्हीवर अकॅडमी चौकटीचं चित्र सुमारे ५३ सेंटिमीटर उंच आणि ७३ सेंटिमीटर रुंद दिसतं. ज्या २१ इंची डबा-टीव्हीवर एका पिढीने हे चित्रपट पाहिले, त्याचा पडदा जेमतेम ४३ सेंटिमीटर रुंद होता. चित्र लहान झालेलं नाही. भिंतीवरची चौकट तेवढी रुंद झाली आहे. जबलपूरहून ग्वारीघाटमार्गे गोंदियाला जाणाऱ्या नॅरोगेजचं ब्रॉडगेज झालं, ते चांगलंच झालं. तिथे रुंदी वाढली आणि गाडीही मोठी आली. इथे रुंदी वाढवण्यासाठी डोकी आणि पाय कापावे लागतात.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे, कारण जीर्णोद्धारावर आता खरोखर पैसा आणि कष्ट खर्च होत आहेत. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये मंजूर झाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे दहा चित्रपट चाळीस शहरांतल्या पडद्यांवर आले, त्यात 'जिस देश में गंगा बहती है'ही होता. पण असे सोहळे तीन दिवसांचे असतात. वर्षभर हे चित्रपट भेटतात ते घरातच. फिल्मवरचा एकेक ओरखडा आणि बुरशीचा एकेक डाग काढायला महिने घालवायचे आणि शेवटच्या पायरीवर पाव चित्र फेकून द्यायचं, यात मोठी विसंगती आहे. १९६१ चा 'हम दोनो' २०११ मध्ये रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा तो सिनेमास्कोपच्या रुंदीतही बसवला होता. कृष्णधवल चित्रपटाला रंग दिले की ते कुणालाही लगेच दिसतं, त्यावर बोलता येतं. चौकट कापली की मूळ चित्र आठवणारा माणूसच लागतो, आणि अशी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'चा शेवट घ्या. तुकोबांना घेऊन विमान आभाळात चढतं आणि जिजाई खाली मागे राहते. दामले-फत्तेलाल यांच्या त्या दृश्याचा सगळा ताण वर आणि खाली यांच्यामधला आहे. फत्तेलाल स्वतः कलादिग्दर्शक, चौकटीची प्रत्येक कडा जाणणारे. तिथे वरून-खालून कापणं म्हणजे भक्त आणि संसार यांच्यातलं अंतरच कमी करणं.

दुसरा आक्षेप अभ्यासू आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थिएटरांत तरी मूळ चौकट कुठे पाळली जात होती? रुंद पडद्याच्या थिएटरांत जुनी प्रत लागली की कापाकापी होत असे, हे खरंच आहे. आणि 'शोले'चं काय? तो ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आणि नंतर ७० मिलिमीटरसाठी मोठा केला गेला. त्यात निगेटिव्हवरचा वरचा-खालचा भाग मुद्दाम सोडला होता. मग जास्त चित्र म्हणजे योग्य चित्र, हा नियम तिथेच कोसळतो. कोसळू द्यावा, कारण तो नियम मुळात चुकीचा आहे. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ७० मिलिमीटरच्या कडा आधीच काचेवर आखून घेतल्या होत्या. त्या कडांबाहेरचा भाग त्यांनी प्रेक्षकासाठी रचलाच नव्हता. म्हणूनच २०२५ च्या जीर्णोद्धारात 'शोले' २.२ रुंदीतच ठेवला गेला, आणि ते बरोबर झालं. निगेटिव्हवर किती उमटलं, यावर चौकट ठरत नाही. ती रचणाऱ्याने कुठे थांबायचं ठरवलं, त्यावर ठरते. थिएटरवाल्याने एखाद्या रविवारी केलेली हयगय हा पुरावा धरता येत नाही, जशी छापखान्याची चूक कवीच्या नावावर टाकता येत नाही. आणि हाच न्याय रुंद चित्रपटालाही लागू आहे. गुरुदत्त यांचा 'काग़ज़ के फूल' (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप. व्ही. के. मूर्तींनी टिपलेल्या त्या रिकाम्या स्टुडिओत प्रकाशाचा झोत उतरतो आणि दोन माणसं एकमेकांपासून दूर उभी असतात. टीव्ही भरण्यासाठी हा चित्रपट 'झूम' केला की बाजूंचा जवळजवळ पाव भाग जातो. ती दोघं मग विनाकारण जवळ येतात.

घरच्या प्रेक्षकाच्या हातात काही गोष्टी नक्की आहेत. रिमोटवरच्या 'पिक्चर साइझ'मध्ये 'झूम' किंवा 'वाइड'ऐवजी 'ओरिजिनल' निवडणं हे मिनिटाचं काम. श्रेयनामावलीतली अक्षरं कडेला कापली जात असतील, जवळच्या दृश्यात कपाळं सतत छाटलेली दिसत असतील, तर चित्र कापलेलं आहे असं समजायला हरकत नाही. पण अनेक वाहिन्या आणि यूट्यूबवरचे मालकच आधी कापून मग दाखवतात, तिथे रिमोट निरुपयोगी ठरतो. त्यामुळे खरी जबाबदारी हक्क बाळगणाऱ्यांवर येते. भाषा, लांबी, प्रमाणपत्र हे सगळं चित्रपटाच्या नावाखाली लिहिलेलं असतं. तिथेच मूळ चौकट कोणती आणि आम्ही दाखवतो ती कोणती, हे दोन आकडे लिहायला एक ओळ पुरते. आणि ज्या जीर्णोद्धाराला सरकारी तिजोरीतून पैसे मिळाले, त्याची प्रत मूळ चौकटीतच दाखवली जाईल, ही अट प्रसारणाच्या करारात घालणं तर सरकारच्याच हातात आहे.