हिवाळी वाफ्यात रानालाही जागा हवी



दिवाळीची सुट्टी संपली की शहापूर-मुरबाडकडच्या शाळांतून बागकामाला हुरूप येतो. पाऊस सरलेला, ऊन सोसण्याजोगे आणि विहिरीला पाणी. हरित सेनेची मुले वाफे बांधतात. मग झेंडू, डेलिया, कॉसमॉस, पिटुनिया यांची रोपे लागतात. ही हौस चांगलीच आहे. परंतु ती भागविताना आपण कुंपणापलीकडच्या रानाकडे पाठ फिरवतो, ही आमची तक्रार आहे.

झेंडू, डेलिया, कॉसमॉस ही मूळची मेक्सिकोकडची. पिटुनिया दक्षिण अमेरिकेतली. परकी म्हणून ती उपटून टाका, असे मुळीच सांगावयाचे नाही. तसे म्हटले तर आमटीतली मिरचीही काढावी लागेल! प्रश्न पाण्याचा आहे. वाफ्याला रोज पंधरा लिटरच्या दोन बादल्या धरल्या, तर महिन्याला ९०० लिटर होतात. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मार्चमध्ये शाळेची बाग सुकली, तर दोष कोणाला द्यावा?

आता जरा काटेसावरीकडे पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत तिच्यावर एक पान राहत नाही आणि तेव्हाच ती लालभडक फुलते. तिला कोणी बादली ओतत नाही. पाने गळाल्यामुळे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते, खोल गेलेली मुळे ओलावा शोधतात, आणि साठवलेले अन्न फुलांच्या कामी येते. साळुंक्या, कावळे, सूर्यपक्षी मधासाठी तिथे गर्दी करतात. उघड्या खडकाळ उतारावरची धायटीही याच सुमारास लाल होते. कुंपणाची कोरांटी तर हिवाळाभर पिवळी फुले देते, आणि फांदी खोचली तरी जगते. वाफ्याच्या कडेला ती का लावू नये?

पण फुलांपेक्षाही मोठे काम आहे ते बियांचे. आपल्या रानातल्या कितीतरी झाडांच्या बिया हिवाळ्यातच पक्व होतात. आवळा तेव्हाच पिकतो. त्याच्या आठळ्या कडक उन्हात ठेवा. तडकून आतल्या लहान बिया बाहेर पडतील. ताम्हण हे आपले राज्यपुष्प. त्याची लाकडी बोंडे उकलून पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जाण्यापूर्वी गोळा करा. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगाही आणा. बहाव्याचे बी मोठे हट्टी, कारण त्याच्या कठीण कवचातून पाणी आत शिरत नाही. वीस बिया पॉलिशपेपरवर एका बाजूने घासा, वीस तशाच ठेवा, आणि सगळ्या रात्रभर भिजवा. सकाळी कोणत्या फुगल्या ते मोजून वहीत लिहा. असा प्रयोग पिटुनियाच्या विकतच्या रोपावर कसा करणार?

रोपांनाही पाणी लागते, हे खरे. परंतु सावलीत दाटीने ठेवलेल्या पिशव्यांना ते थोडे पुरते, आणि जूनमध्ये पहिल्या पावसावर रोपे जमिनीत गेली की पुढचे बरेचसे काम पाऊसच करतो. डेलियाचा वाफा मात्र पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाणी मागतो.

शिक्षकांपैकी कोणी म्हणतील, "पाहुणे आले की शाळेत रंग दिसायला हवा." मान्य! अर्धे वाफे झेंडूला ठेवा. मात्र नवे शोभेचे झाड आणताना घाणेरी आठवावी. तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठीच आणली होती. आज ती माळशेजच्या पायथ्यापर्यंत झुडपांत शिरली आहे.

बिया ओळखायच्या कशा? तुमच्याच वर्गात ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतली मुले असतील. एखाद्या रविवारी त्यांच्या आजी-आजोबांना विचारून रानात जा. प्रत्येक पिशवीवर बी कोठे, कधी मिळाले ते लिहा, आणि शास्त्रीय नावाच्या आधी त्या पाड्यावरचे नाव लिहा.