३७व्या वर्षी रिटायर!

आमच्या वयाच्या आयटीवाल्यांमध्ये लवकर रिटायर व्हायची साथच आलीये. ज्याला बघावं तो एक्सेल उघडून हिशोब मांडतोय. आणि दाखला कोणाचा, तर जिम रॉजर्सचा. १९७३ मध्ये जॉर्ज सोरोसबरोबर फंड काढला (तोच पुढे क्वांटम फंड), आणि १९८० मध्ये ३७व्या वर्षी बाहेर. संपली गोष्ट!

मला विचाराल तर त्याच्या गोष्टीतला हा सगळ्यात बिनकामाचा भाग आहे. बाहेर पडून त्याने कोलंबियात शिकवलं, १९९० ते ९२ मोटरसायकलवरून जग पालथं घातलं, पुस्तकं लिहिली. याला रिटायर म्हणायचं? एक्सेलमध्ये 'मग करणार काय?' असा कॉलम मी तरी अजून पाहिलेला नाही.

त्याआधीचं १९७० सालही कोणी सांगत नाही. बाजार पडणार हे ओळखून पठ्ठ्याने पैसे तिप्पट केले. मग काही शेअर शॉर्ट केले आणि पार धुऊन निघाला. त्या कंपन्या पुढे खरंच बुडाल्या म्हणे! अंदाज बरोबर, पण तोवर टिकायला खिशात दमडी नाही.

१९९८ मध्ये त्याने स्वतःचा कमोडिटी निर्देशांक काढला. तेव्हा सगळं जग डॉटकॉमच्या मागे, आणि वर्षअखेरीस कच्चं तेल ११ डॉलरच्या आसपास. त्याचा तर्क साधा होता. भाव वर्षानुवर्षं पडलेले असले की नव्या खाणी, नव्या विहिरी यांत कोणी पैसा घालत नाही. मग मागणी वाढली तर माल येणार कुठून? आपण क्लाउडवर दोन मिनिटांत सर्व्हर वाढवतो, तांब्याची खाण तशी वाढत नाही ना राव! जुलै २००८ मध्ये तेल १४७ ला पोचलं.

आणि त्याच डिसेंबरात ४० च्या खाली आलं. तेव्हा त्याच्या भाकितांवर पैसे लावू नका. मोठी मंदी येणार, हे त्याने इतक्यांदा सांगून झालंय की कधीतरी खरं ठरणारच.

असो. वाचायचंच असेल तर आधी 'इन्व्हेस्टमेंट बाइकर' (१९९४) वाचा. देशाच्या सीमेवर पोचल्यावर तिथल्या चलनाचा काळ्या बाजारातला भाव काय, यावरून तो त्या देशाची नाडी बघतो. 'हॉट कमोडिटीज' (२००४) नंतर घ्या. त्यातले भाव शिळे झालेत, पुरवठ्याचा तर्क नाही.