पत्र्याची डबी

आपल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तपकिरीचा विषय निघाला की शास्त्रीबुवांची चांदीची डबी, चिमटीचा डौल आणि उपरण्यावरचे डाग यांचे रसभरीत वर्णन होते. त्याविषयी माझी तक्रार आहे. व्यसनाचा इतिहास लिहूच नये असे मी म्हणत नाही. अर्धा इतिहास पुरा म्हणून मिरवू नये, एवढेच म्हणतो.

विजापुराहून परतलेल्या असद बेगाने १६०४ च्या सुमारास तंबाखू अकबरापुढे ठेवला. १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानास मनाई केली. त्या मनाईचे काय झाले ते चरोतरातील शेते सांगतात. पान वाळवावे, भाजावे, कुटावे, वस्त्रगाळ करावे, ही तपकिरीची मूळ कृती. दक्षिणेत तीत चुना व तूप पडे. या भुकटीवरून मराठीने एका रंगाला ‘तपकिरी’ म्हटले, गुजरातीने ‘छींकणी’.

परंतु आपल्या माजघरात ही भुकटी कोण वापरीत होते? महाराष्ट्रात तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजून त्याची मशेरी करतात. गुजरातेत बायका दातांना बजर लावतात. मशेरी आणि बजर यांचा तपकिरीच्या इतिहासाशी काय संबंध, असे एका स्नेह्यांनी मला विचारले. बजर म्हणजे कोरडी तपकीरच, महाराज! ती पुरुषाने नाकात ओढली की विद्वत्तेचे लक्षण, आणि बाईने दातांना लावली की न बोलण्याची गोष्ट.

माझ्या काकू नाशिककडून लग्न होऊन सुरतेस आल्या त्या मशेरीची सवय घेऊन, आणि येथे बजरीवर स्थिरावल्या. पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसून दात घाशीत. डबी पत्र्याची. “दाढ दुखते म्हणून लावते,” असे म्हणत. गालाच्या आतील जखम दाखविण्यास त्यांनी फार उशीर केला. आम्ही कोणी विचारलेही नाही. मी तेव्हा पदवीधर होतो, सरकारी नोकरीत होतो. त्या कर्करोगानेच गेल्या.

काकूंची ती समजूत पुढे कारखानदारांनी ट्यूबमध्ये भरली: लवंगतेल, ग्लिसरीन, पुदिना, मेंथॉल, कापूर आणि तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये केंद्र सरकारने बंदी केली. तरी २००३ च्या तंबाखू कायद्याच्या परिशिष्टात सातव्या क्रमांकावर तपकीर आणि दहाव्यावर तंबाखूयुक्त दंतमंजन आहेच! दप्तरात आयुष्य काढलेल्या मला याचे नवल नाही. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काकूंना त्याचा काय उपयोग?

आणि ही भुकटी कुटणारे, चाळणारे? दिवसभर ती त्यांच्या नाकातोंडात जाई, चिमटीच्या हौसेवाचून. त्यांचे नाव कोणत्याच आठवणीत नाही.

तेव्हा चांदीच्या डब्यांविषयी ज्यांना लिहावयाचे असेल त्यांनी जरूर लिहावे. मात्र त्याच घरात पत्र्याची डबी कोणाची होती, बजर कोठून येई, ती कोण कुटीत असे आणि ती लावणारी बाई कशाने गेली, हेही त्याच लेखात यावे.