काडतुसाच्या वंगणाचा प्रश्न खरा होता

अमेरिकेतले हौशी नेमबाज आजही शिशाच्या गोळ्या घरी ओततात आणि त्यांना लागणारे वंगणही स्वतःच्या शेगडीवर बनवतात. मधमाशांचे मेण, थोडे तेल किंवा चरबी, आणि वितळताना वास बरा यावा म्हणून कुणी त्यात एखादा सुगंधी अर्कही टाकतो. भांड्यात काय पडले, हे ढवळणाऱ्याला पक्के ठाऊक असते. १८५७ साली बंगाल लष्करातल्या शिपायाला नेमके हेच ठाऊक नव्हते आणि विचारूनही कळत नव्हते. त्या उठावाचा विषय निघाला, की काडतुसांबद्दल आपल्याकडे बहुधा दोनच मते ऐकू येतात. सोवळ्याओवळ्याच्या खुळातून उठलेली ती अफवा होती, हे एक. आणि खरी कारणे वेगळीच होती, काडतुसे केवळ निमित्त, हे दुसरे. दोन्हींत शिपायाचा प्रश्न ऐकून घेतला जात नाही. कंपनी सरकारचीच कागदपत्रे वाचली, तर त्याची शंका वाजवी होती आणि तिचे निरसन करणे सोपे होते, असे दिसते.

आधी वंगण का लागे, ते पाहू. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल जात असे. १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची नळी आतून पिळाची होती. तिचा व्यास ०.५७७ इंच, तर गोळी जेमतेम त्याहून बारीक. काळ्या दारूची काजळी नळीत साचून कडक होते आणि काही बार झाले की गोळी गजाने ठासूनही खाली सरकत नाही. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला बाहेरून वंगण लावत. शिपायाने काडतुसाचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचा भाग आत घालायचा आणि उरलेला कागद फेकून द्यायचा, अशी कवायत होती. दाताने फाडणे जुनेच होते. वंगण नवे होते. दात लागे ते टोक आणि वंगणाचे टोक वेगळे, हे खरे. पण हात तेच, पुडकेही तेच. शिवाय त्यात प्राण्याची चरबी असलीच पाहिजे, असा तांत्रिक आग्रह धरण्याचे कारण नव्हते. पुढे ब्रिटिशांनीच एनफिल्डच्या वंगणातली चरबी घटवून मेण वाढवले, कारण चरबीने शिशाची गोळी बिघडत असे.

चरबीचा धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता, असेही म्हणता येत नाही. १८५३ साली हवामानाचा परिणाम तपासण्यासाठी इंग्लंडहून वंगण लावलेली काडतुसे हिंदुस्थानात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंगाल लष्कराचे अ‍ॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी लष्करी मंडळाला लेखी कळवले, की हे वंगण जातिधर्माला बाधणारे नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना चाचणीसाठी देऊ नयेत. पत्र मंडळाच्या दप्तरात गेले आणि तिथेच राहिले. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे दारूगोळा कोठारातल्या एका खलाशाने शिपायाकडे तांब्याभर पाणी मागितले. शिपायाने जातीवरून नाकारले, तेव्हा तो म्हणाला, की आता तुम्हालाच गाईची आणि डुकराची चरबी दाताने तोडावी लागणार आहे. कॅप्टन राइट यांनी हे वरिष्ठांना कळवले. त्यानंतर सरकारने चौकशी केली, तेव्हा दारूगोळा खात्याचे प्रमुख कर्नल अ‍ॅबट यांच्याकडून निष्पन्न झाले ते असे, की चरबी कंत्राटदार पुरवतो आणि आक्षेपार्ह चरबी वगळली जावी म्हणून कोणतीही विशेष खबरदारी घेतलेली नाही. पुढे इतिहासकार फॉरेस्ट यांनी सरकारी दप्तरे तपासून प्रसिद्ध केली. ती वाचून लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या साम्राज्यनिष्ठ सेनानीनेही आपल्या आठवणींत मान्य केले, की वंगणात गाईची आणि डुकराची चरबी खरोखरच होती. मग अफवा कशाला म्हणायचे?

उपायही हाताशी होता. बराकपूरचे जनरल हिअरसी यांनी सुचवले, की शिपायांना बाजारातून हवे ते जिन्नस आणून स्वतःचे वंगण करू द्यावे. २७ जानेवारीला सरकारने ते मान्य केले. दुसरीकडे अ‍ॅडजुटंट जनरलच्या कचेरीतून हरकत आली, की रायफल तुकड्या मेंढीची चरबी आणि मेण लावलेली काडतुसे कित्येक वर्षे वापरत आहेत. आता सवलत दिली तर उलट संशयच वाढेल. ही भीती अगदीच निराधार नव्हती. सवलत मिळाली, पण आधी काय वापरले आणि चूक कुणाची, हे स्वच्छपणे शिपायांना सांगितले गेले नाही. मग संशय वंगणावरून कागदावर सरकला. ६ फेब्रुवारीला बराकपूरला चौकशी झाली, तिथे शिपाई सांगू लागले की कागद चकाकतो, जाळला तर चरबीसारखा वास येतो. रासायनिक तपासणीत कागदात चरबी आढळली नाही. कागदाबाबत शिपाई चुकले, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याला वरून खरे सांगितले जात नाही, त्याच्यापाशी पारख करायला स्वतःचे नाकच उरते.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. १८५३च्या चाचणीत शिपायांनी तीच काडतुसे पट्ट्यात बाळगली आणि कुणी तक्रार केली नाही, हा पहिला. त्यांनी ती बाळगली, दाताला लावली नाहीत, आणि त्यात काय आहे हे त्यांना सांगितलेही नव्हते. न कळवलेल्या गोष्टीला संमती कशी म्हणणार? दुसरा आक्षेप मेरठचा आहे. २४ एप्रिलला तिथल्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ जणांनी नाकारलेली काडतुसे जुन्याच प्रकारची होती. हे खरे आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत बोलके आहे. एकदा शब्दावरचा भरवसा उडाला, की निर्दोष काडतूसही हातात घेववत नाही. ९ मेला त्या ८५ जणांच्या पायांत सगळ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटले.

तिसरा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. सावरकरांनी स्वधर्म आणि स्वराज्य हीच मूळ कारणे मानली आणि काडतुसांना गौण ठरवले. १८५६ साली अवध खालसा झाले, त्याच वर्षी नव्या भरतीच्या शिपायांवर समुद्रापार जाण्याची सक्ती आली, भत्त्यांची कुरबुर जुनीच होती. ही कारणे खोलवरची होती, यात वाद नाही. पण एखाद्या संस्थानाच्या खालसा होण्याबद्दल शिपाई कवायतीच्या मैदानावर नकार देऊ शकत नव्हता. काडतूस रोज हातात येत होते, तोंडाशी जात होते. सरकार आपल्याशी खरे बोलते की नाही, हे त्याला तिथे पडताळता येत होते. म्हणून त्याला निव्वळ निमित्त म्हणणे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र मला अधिक गंभीर वाटतो. ही तक्रार उच्चवर्णीय शिपायांच्या सोवळ्याची होती आणि ज्याने खरे सांगितले त्यालाच त्यांनी पाणी नाकारले होते. हा डाग पुसता येणार नाही, पुसूही नये. दलित लोकस्मृतीने त्या खलाशाला मातादीन हे नाव दिले आहे. राइट यांच्या अहवालात तो फक्त दारूगोळा कोठारातला एक खलाशी आहे. सरकारला जे चौकशी करून कळले, ते त्याला आधीच माहीत होते, आणि शिपायापर्यंत खरी माहिती पोहोचली ती त्याच्याकडूनच. १८५७च्या इतिहासात त्याची नोंद एका भांडणापुरती न राहता साक्षीदार म्हणून व्हायला हवी. राहिला सरकारचा २७ जानेवारीचा आदेश. तो तीन वर्षे आधी निघू शकला असता. टकर यांचे पत्र डिसेंबर १८५३पासून लष्करी मंडळाच्या दप्तरात पडून होते.