पान उलटायची घाई नको

निपुण भारत अभियानाने २०२१पासून वाचन-लेखनाच्या जोडीला पायाभूत संख्याज्ञान आणून बसवलं. तरी चित्रपुस्तक अजून भाषेच्या तासाचंच मानलं जातं. गणिताला ते निघालंच, तर बहुधा अंकलिपीच्या वळणाचं: एका बाजूला ठळक ५, शेजारी ओळीत मांडलेले पाच एकसारखे आंबे. मूल अंक ओळखून ‘पाच’ म्हणतं. आंब्यांकडे पाहतही नाही.

मित्सुमासा आन्नो या जपानी चित्रकाराच्या मोजणीच्या पुस्तकात (१९७५) अशी सुटका नाही. सुरुवात शून्याने, म्हणजे बर्फाने झाकलेल्या निर्जन परिसराने होते. पुढे बारापर्यंत झाडं, घरं, माणसं त्या-त्या संख्येने येतात, पण चित्रभर विखुरलेली. काय मोजायचं ते मुलानेच शोधायचं. गोष्टीला शब्दच नाहीत, त्यामुळे भाषांतराचीही वाट पाहायला नको.

मुलाने बोट ठेवत सात घरं मोजली की आपण ‘शाब्बास’ म्हणून पान उलटतो. जरा थांबून विचारा, “मग घरं किती?” काही मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. त्यांच्या लेखी ‘सात’ हे शेवटच्या घराचं नाव असतं, सगळ्या घरांची संख्या नव्हे. मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजेच एकूण संख्या, हे गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८मध्ये मांडलेल्या मोजणीच्या पाच तत्त्वांपैकी एक. एकास एक जोडी बिनचूक जमणाऱ्या मुलालाही ते उमगलेलं असेलच असं नाही.

बेरजेसाठी एरिक कार्ल यांची खादाड सुरवंटाची गोष्ट (१९६९) घ्या. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. सफरचंद तळहाताने झाका आणि मंगळवारपर्यंत किती फळं झाली ते विचारा. झाकलेलं एक मनात धरून मूल ‘दोन, तीन’ म्हणालं, तर ती आपल्या पाठ्यपुस्तकातली पुढे मोजून बेरीजच झाली. तळहात उचलायला सांगून पुन्हा एकपासून मोजलं, तर त्याला अजून वेळ द्या. शनिवारी सुरवंट दहा निरनिराळे पदार्थ खातो. त्यातले निम्मे आपल्या मुलांनी पाहिलेले नसतात, पण मोजायला नाव कुठे लागतं?

तीस मुलांसमोर उंच धरलेलं पुस्तक मात्र मोजता येत नाही, कारण तिथवर बोट पोचत नाही. चार-पाच जणांना पुस्तकाभोवती बसवा, बाकीच्यांना तोवर चिंचोके द्या. पहिलं वाचन निव्वळ गोष्टीचं होऊ द्या. ‘किती?’ हा प्रश्न दुसऱ्या वाचनाला, आणि तोही प्रत्येक पानावर नको.