पांढरीवरचा इतिहास आणि आमचे गुरुजी

बाभूळगाव तालुक्यातील पाचखेडच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ साली उत्खनन केले. लोहयुगापासूनच्या वस्तीचे थर, चूल, खापरे, मणी, लोखंडी वस्तू मिळाल्या. हा राबणाऱ्या माणसांचा इतिहास! यवतमाळच्या शाळांत मात्र लढायांच्या सनावळ्यांची घोकंपट्टी चालूच आहे. दोष गुरुजींचा नव्हे. खापर ओळखायला त्यांना शिकविले कोणी? बंद खोलीतील व्याख्यानांना प्रशिक्षण म्हणणे पुरे झाले. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांना पांढरीवर न्यावे, थर वाचायला शिकवावे. उकरण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. पांढरीची माती खत म्हणून शेतात जाते, आणि तिच्याबरोबर पुरावाही. शेतकऱ्याला कायद्याचा धाक घालण्यापूर्वी त्याच्या मुलाला तिची किंमत कळू द्या. संशोधक काम संपताच परततात. गुरुजी वर्षभर गावच्या शाळेत असतात.