वेग कोठे अडतो?

(द्वितीय वर्ष, कला)

'आजचे युग हे वेगाचे युग आहे,' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत कोणत्या ना कोणत्या निबंधात लिहिलेले आहे. पण वेग कशासाठी हवा आणि तो नेमका अडतो कोठे, हे दोन प्रश्न त्या निबंधात सहसा येत नाहीत. आमच्या घरात नुकताच एक साधा खरेदीचा प्रश्न निघाला आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणे भाग पडले.

माझा थोरला भाऊ कर्जत-खोपोली भागात लग्ने, साखरपुडे, हळदी यांचे फोटो व व्हिडिओ काढतो. हे सगळे काम घरातील एका साठवणपेटीत जमा होते. जाणकार तिला 'नॅस' म्हणतात. दोन हार्ड डिस्क असलेला आणि वायरने राउटरला जोडलेला तो एक छोटा संगणकच असतो. घरातल्या कोणत्याही संगणकावरून वा मोबाइलवरून त्यातली फाइल पाहता येते. दादाची तक्रार अशी, की एका लग्नाचे काम पेटीत चढवायला दीड तास लागतो. दुकानदाराने सुचवले, की नेटवर्क एक गिगाबिटचे आहे, ते अडीच गिगाबिटचे करा. नवा स्विच घ्या, संगणकाला नवे कार्ड घ्या, पेटीही बदला. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून बाबा म्हणाले, "तू शिकतोस ना, मग तूच सांग." मी इतिहास-मराठीचा विद्यार्थी! पण पैसे बाबांच्या घामाचे होते. तेव्हा 'हा माझा विषय नव्हे' असे म्हणून अंग काढून घेणे मला पटले नाही.

थोडा हिशेब केला की पुष्कळ उलगडा होतो. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचे माप बाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एक गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला १२५ मेगाबाइट जावेत. वाटेतली घट धरून प्रत्यक्षात ११० च्या आसपास जातात. कॅमेऱ्यातील साधे मेमरी कार्ड वाचण्याचा वेगही सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आगेमागेच असतो. पेटीतली फिरती हार्ड डिस्क मोठी फाइल सेकंदाला दीडशे ते दोनशे मेगाबाइटने लिहिते. हजारो छोट्या फाइली असल्या तर तिचा वेग फारच उतरतो. मग कार्डातून शंभरच येत असताना पुढची वाट अडीचपट रुंद करून काय साधणार?

आम्ही भिसेगावची मुले, कर्जत स्टेशनच्या कुशीतली. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कल्याणपर्यंत कितीही जोरात आली, तरी पुढे ३७ फुटांना एक फूट चढणारा बोरघाट आहे. म्हणून अनेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून पुण्याला पोहोचण्याची वेळ ठरवण्यात घाटाचा वाटा मोठा आहे. म्हणून खर्च करण्यापूर्वी आपला घाट कोणता, हे शोधले पाहिजे.

तसा शोध घेतल्यावर एक गंमत उघडकीला आली. चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड एक गिगाबिटच्या नेटवर्कवर दहा-अकरा मिनिटांत रिकामे व्हायला हवे. मग दीड तास का? नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. एक गिगाबिटला त्या आठही लागतात. शंभर मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाशी नीट बसली नसली, की दोन्हीकडची यंत्रे कसलीही तक्रार न करता शंभरावर उतरतात. काम चालूच राहते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. संगणकावर जोडणीचा वेग पाहिला, तर तेथे शंभरच लिहिलेले! खिडकीच्या फटीतून ओढलेली आणि दाराखाली दबलेली ती केबल बदलली आणि दीड तासाचे काम दहा-अकरा मिनिटांवर आले. दुकानदाराने सांगितलेले सामान आणले असते, तर त्याच्याबरोबर नवी केबलही आलीच असती आणि सारे श्रेय स्विचला मिळाले असते. महागड्या उपायांची कीर्ती कधीकधी अशीही वाढते.

मी वेगाचा शत्रू नाही. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथरनेटला आरंभ केला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तीन मेगाबिटही नव्हता. १९९९ साली साध्या तांब्याच्या तारांवर एक गिगाबिटचे मानक ठरले आणि २०१६ साली अडीच गिगाबिटचे. ही प्रगती खरीच आहे आणि तिचा लाभ घेणारेही आहेत. ज्यांच्या पेटीत फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी आहे, जेथे दोघे-तिघे एकाच वेळी पेटीतूनच थेट व्हिडिओचे संपादन करतात, तेथे एक गिगाबिट खरोखरच तोकडे पडते. त्यांनी अवश्य बदल करावा. चांगली 'कॅट ५ई' केबल अडीच गिगाबिटही पेलते, म्हणून भिंती फोडण्याचीही गरज नाही. पण आपण त्यांच्यापैकी आहोत काय, हे आधी स्वतःला विचारावे.

यापेक्षा मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. पेटीत दोन डिस्क आहेत आणि दोन्हींत तेच ते साठते, म्हणून घरात सगळे निश्चिंत होते. पण चुकून एक फोल्डर पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरले, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. उल्हास नदीच्या काठच्या माणसाला पाण्याचे भय समजावून सांगावे लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपल्याच लाइनीवर घडले आहे. जेथे आगगाडी अडकते, तेथे टेबलाखालच्या पेटीची काय कथा?

आणि त्या पेटीत केवळ गिऱ्हाइकांची लग्ने नाहीत. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या हातचे एक पत्र नाही, सही नाही. आहे तो फक्त आवाज. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पत्रे आणि रोजनिशा आहेत, त्यांची एखादी फाइल गेली तरी पुष्कळ उरते. आमच्यासारख्यांच्या घरात एक फाइल गेली, की एक माणूस संपूर्ण पुसले जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून मावळ-मुळशीच्या व इतर गावांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज आपल्याला ऐकता-वाचता येतात, कारण त्या वहीत उतरल्या, फितीवर चढल्या, पुढे संगणकात गेल्या आणि २०१७ पासून 'पारी'ने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या टिकल्या त्या अनेक जागी नोंदल्या गेल्यामुळे. त्यात वेगाचा वाटा किती?

म्हणून माझे मत असे: आधी मोजावे, मग अडथळा दूर करावा, आणि हाती पैसे उरले तर पहिला हक्क दुसऱ्या प्रतीचा असावा. नव्या स्विचचा खर्च आम्ही टाळला आणि त्यातल्या थोड्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. महिन्यातून एकदा ती भरायची आणि खोपोलीला आत्याच्या कपाटात ठेवायची, असे ठरले. ही डिस्क भरायला रात्रभर लागते. लागू दे. आमचे सारे घर तेव्हा झोपलेले असते, आणि आजीचा आवाज दोन गावी राहायला जातो.